टर्मिनल म्हणतं एका फोल्डरमध्ये, फाइल जाते भलतीकडेच: करंट डिरेक्टरीचा घोळ कसा शोधायचा

हा प्रॉब्लेम माझ्याकडे दर थोड्या दिवसांनी नवीन नाव घेऊन येतो. कुणी म्हणतं गिट बिघडलं, कुणी म्हणतं नोडचं इन्स्टॉलेशन करप्ट झालं, कुणाचं क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप काम चालवणारा प्रोग्रॅम) चालतच नाही, आणि खोदत गेलं की शेवटी निघतं काय, तर प्रोग्रॅम जिथे उभा आहे असं सगळे धरून चाललेत तिथे तो नाहीच. तो ज्या फोल्डरमध्ये उभा असतो तीच त्याची करंट डिरेक्टरी, अर्धे पाथ तिथूनच मोजले जातात. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय, पुढच्या वेळी लिंक फेकता येईल. कमांड इथे बोलतो तशा लिहिल्यात, टाइप करताना नेहमीच्या इंग्रजी अक्षरांत टाका, आणि जिथे अक्षर मोठं हवंय तिथे तसं सांगितलंय.

लक्षणं आधी बघा, तुमचं कुठलं जुळतंय ते

नवीन शेल (टर्मिनलमध्ये तुमच्या कमांड वाचून चालवणारा प्रोग्रॅम) किंवा एखादी स्क्रिप्ट सुरू केली की पहिलीच ओळ येते "शेल-इनिट: एरर रिट्रीव्हिंग करंट डिरेक्टरी: गेटसीडब्ल्यूडी: कॅनॉट ॲक्सेस पॅरेंट डिरेक्टरीज: नो सच फाइल ऑर डिरेक्टरी". गिटमध्ये हाच आजार "फेटल: अनेबल टू रीड करंट वर्किंग डिरेक्टरी" म्हणून दिसतो, नोडमध्ये "ईनोएंट" आणि पुढे कुठेतरी "यूव्ही_सीडब्ल्यूडी", पायथॉनमध्ये ओएस डॉट गेटसीडब्ल्यूडीच्या ओळीवर फाइलनॉटफाउंडएरर. चार वेगळे एरर दिसतात पण कारण एकच.

- एलएस मारलं तर काहीच दिसत नाही, एररही नाही, पण शेजारच्या टर्मिनलमध्ये त्याच पाथवर सगळ्या फाइल आहेत. टच करून नवी फाइल बनवायला गेलं तर "नो सच फाइल ऑर डिरेक्टरी".
- सीडी .. (.. म्हणजे एक पायरी वरचं फोल्डर) केलं की एकीकडे जातो, एलएस .. केलं की भलत्याच फोल्डरची यादी येते.
- स्क्रिप्टमध्ये सीडी आहे, स्क्रिप्ट संपली की आपण होतो तिथेच.
- हाताने चालवलं तर चालतं, क्रॉनमधून किंवा सर्व्हिस म्हणून चालवलं तर कॉन्फिग फाइल सापडत नाही.
- विंडोजवर पॉवरशेलमधून लिहिलेली फाइल भलत्याच फोल्डरमध्ये सापडते, किंवा सीडी डी-ड्राइव्हचा पाथ दिला तरी प्रॉम्प्ट सी वरून हलतच नाही.
- डिस्क अनमाउंट होत नाही, "टार्गेट इज बिझी". किंवा विंडोजवर रिकामं फोल्डर डिलीट होत नाही, म्हणे दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडं आहे.

हे होतं का, तेवढं दोन मिनिटं वाचा

चेक करण्याआधी हे डोक्यात बसलं पाहिजे, नाहीतर पुढचं सगळं मंत्र म्हटल्यासारखं होईल. करंट डिरेक्टरी ही प्रत्येक प्रोसेसची, म्हणजे चालू असलेल्या प्रत्येक प्रोग्रॅमची, स्वतःची असते. टर्मिनलची नाही, युजरची नाही, मशीनची तर नाहीच. आणि लिनक्समध्ये कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) तिचं नाव लक्षात ठेवत नाही, ती डिरेक्टरीच धरून ठेवतो, म्हणजे आत एक थेट संदर्भ असतो त्या डिरेक्टरीकडे आणि ती ज्या माउंटवर, म्हणजे जोडलेल्या डिस्कवर, आहे त्याकडे. पाथची अक्षरं कुणी विचारलं की तेव्हा बनवली जातात. जुन्या युनिक्समध्ये तर पीडब्ल्यूडी हा प्रोग्रॅम .. मधून एकेक पायरी वर चढायचा, प्रत्येक ठिकाणी "मी ज्या आयनोडवरून (फाइल किंवा फोल्डरचा आतला ओळख नंबर) आलो त्याचं नाव इथे काय आहे" हे शोधायचा, आणि रूटपर्यंत पोचल्यावर तुकडे जोडून पाथ छापायचा.

शेल मात्र वेगळंच करतं. बॅश, झेडशेल वगैरे मंडळी तुम्ही सीडी करत आलात तो रस्ता पीडब्ल्यूडी नावाच्या व्हेरिएबलमध्ये, मोठ्या अक्षरांतल्या, अक्षरशः लिहून ठेवतात. प्रॉम्प्टमध्ये जो पाथ दिसतो तो तिथून येतो. म्हणजे एकाच प्रश्नाची दोन उत्तरं आहेत, एक कर्नलचं आणि एक शेलच्या वहीतलं, आणि बहुतेक वेळा दोन्ही सारखी असतात म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. फोल्डरचं नाव बदललं, डिलीट होऊन परत बनलं, मध्ये सिमलिंक (दुसऱ्या पाथकडे नेणारी शॉर्टकटसारखी फाइल) आली, की दोघांचं बिनसतं. वर दिलेल्या लक्षणांतली निम्मी यातून येतात, बाकीची "प्रत्येक प्रोसेसची वेगळी" या पहिल्या मुद्द्यातून.

पहिला चेक: बाहेर जा, परत या

फुकट आहे, पाच सेकंद लागतात. नुसतं सीडी मारा म्हणजे होममध्ये जाल, मग सीडी - मारा म्हणजे आधीच्या पाथवर परत. किंवा सरळ सीडी "$पीडब्ल्यूडी", तेच काम.

येडपटपणा वाटतो पण यामुळे पाथ नव्याने शोधला जातो. समजा तुम्ही बिल्डच्या डिस्ट फोल्डरमध्ये उभे होतात आणि बिल्ड स्क्रिप्टने ते फोल्डर उडवून त्याच नावाचं नवं बनवलं, तर तुमचं शेल अजून जुन्या, मेलेल्या फोल्डरला धरून बसलंय. नाव तेच, फोल्डर वेगळं. बाहेर जाऊन परत आलात की नवं फोल्डर हाती लागतं. गिटमध्ये ब्रँच बदलल्यावर हे पूर्वी फार व्हायचं, ज्या फोल्डरमध्ये उभे आहात ते दुसऱ्या ब्रँचवर नसलं की गिट ते काढून टाकायचं, २.३५ पासून गिट तुमची करंट डिरेक्टरी शक्यतो काढत नाही, त्यामुळे गिट जुनं असेल तर अपडेट करणं हाही एक स्वस्त उपाय.

सीडी - ने एरर दिला की तो पाथ सापडत नाही, तर ती पण माहितीच आहे, फोल्डरचं नाव बदललंय किंवा ते कायमचं गेलंय. पुढे चला.

दुसरा चेक: दोघांना वेगवेगळं विचारा

पीडब्ल्यूडी मारलं की बॅश स्वतःच्या वहीतलं वाचून दाखवतं. /बिन/पीडब्ल्यूडी मारलं की वेगळा प्रोग्रॅम चालतो आणि लिनक्सवरचा तो जीएनयूवाला प्रोग्रॅम काही ऑप्शन न देता खरा, सिमलिंक सोडवलेला पाथ देतो. नाव एकच, पण शेलच्या आतल्या बिल्टइनचा डीफॉल्ट मायनस मोठा एल (वहीतला पाथ) आणि बाहेरच्याचा मायनस मोठा पी (खरा पाथ), म्हणून एकाच मशीनवर दोन उत्तरं येतात आणि लोक बग रिपोर्ट करायला धावतात. बग नाहीये तो. पॉसिक्स या युनिक्सच्या स्टँडर्डने डीफॉल्ट मोठा एल सांगितलाय, जीएनयूने तो मुद्दाम पाळला नाही.

अजून एक साधन, रीडलिंक /प्रोक/सेल्फ/सीडब्ल्यूडी. हे सरळ कर्नलच्या तोंडून. डिरेक्टरी डिलीट झालेली असेल तर पाथच्या मागे कंसात "डिलीटेड" असं लिहून येतं, मग शंकेला जागाच नाही.

आणि माझा सगळ्यात आवडता चेक, कारण यात वाद घालता येत नाही: आधी एलएस -डीआय . मारा, मग एलएस -डीआय "$पीडब्ल्यूडी" मारा. दोन्ही आयनोड नंबर छापतात, पहिला तुम्ही खरोखर उभे आहात त्या डिरेक्टरीचा, दुसरा त्या नावावर आत्ता जे आहे त्याचा. नंबर सारखा, तर तुम्ही तिथेच आहात. वेगळा, तर पाटी तीच आहे पण घर दुसरं आहे. परवाच एकाला हे स्क्रीनवर दाखवलं, प्रॉम्प्ट तोच, पाथ अक्षरशः तोच, वरचा नंबर एक खालचा भलताच, आणि एलएस रिकामं का येतंय हे त्याला न सांगताच कळलं. डिलीट झालेल्या डिरेक्टरीत लिनक्सवर एलएस रिकामं येतं, एरर नाही, म्हणून माणूस आधी "फाइल कुणी उडवल्या" म्हणून घाबरतो. फाइल असतात शेजारच्या नव्या फोल्डरमध्ये सुखरूप.

मग जुनं शेल गप्प का आणि नवं शेल ओरडतं का? जुन्याकडे वही आहे, त्याला विचारायची गरजच पडत नाही. नवं शेल सुरू होताना आधीच्याने दिलेलं व्हेरिएबल तपासून बघतं, ते आणि . एकच आहेत का, जुळलं तर घेतं, नाही जुळलं तर कर्नलला विचारतं, आणि कर्नल म्हणतो असा पाथच नाही. शेल-इनिटवाली ओळ येते ती इथून. म्हणजे ती ओळ दिसली की शेल री-इन्स्टॉल वगैरे काही करू नका, नुसतं दुसऱ्या जिवंत फोल्डरमध्ये जा.

तिसरा चेक: मध्ये सिमलिंक आहे का

हा सगळ्यात फसवा. समजा होममध्ये प्रोजेक्ट नावाची सिमलिंक आहे आणि ती /डेटा/डिस्क२/प्रोजेक्टकडे जाते. तुम्ही सीडी प्रोजेक्ट केलं. आता सीडी .. केलं तर बॅश वहीतल्या पाथचा शेवटचा तुकडा खोडतं आणि तुम्ही होममध्ये. पण एलएस .. केलं तर एलएस हा वेगळा प्रोग्रॅम, त्याला वही-बिही माहीत नाही, तो कर्नलला .. विचारतो आणि कर्नलच्या लेखी वरचं फोल्डर आहे /डेटा/डिस्क२. यादी तिथली येते.

यादी चुकीची आली तर ठीक, हसून सोडून द्याल. पण सीपी काहीतरी .. केलं तर फाइल /डेटा/डिस्क२ मध्ये जाऊन पडते आणि तुम्ही होममध्ये शोधत बसता, आणि आरएम ../काहीतरी केलं तर काय होईल ते वेगळं सांगायला नको. सिमलिंकच्या आत असताना .. वापरून काहीही डिलीट करायचं नाही हा माझा नियम आहे, पूर्ण पाथ द्यायचा.

उपाय: सीडी -मोठा पी, म्हणजे आत शिरतानाच खरा पाथ घेतला जातो. कायमचं हवं असेल तर बॅशमध्ये सेट -ओ फिजिकल, झेडशेलमध्ये सेटऑप्ट चेज_लिंक्स. मी स्वतः कायमचं नाही लावत, कारण मग प्रॉम्प्टमध्ये लांबलचक खरे पाथ येतात आणि डोळ्यांना त्रास होतो, पण स्क्रिप्टमध्ये मात्र कायम मोठा पीच. मॅकवाल्यांनी एक लक्षात ठेवा, /टीएमपी आणि /व्हार हे दोन्ही तिकडे /प्रायव्हेटच्या आत जाणाऱ्या सिमलिंक आहेत, त्यामुळे टेस्टमध्ये "अपेक्षित पाथ /टीएमपी आणि आला /प्रायव्हेट/टीएमपी" असं फेल झालं तर तुमच्या कोडमध्ये गडबड नाही, तुलना करायच्या आधी दोन्ही पाथ रिअलपाथमधून काढा.

चौथा चेक: सीडी नक्की कुणी केलं

स्क्रिप्टने सीडी केलं आणि टर्मिनल हललं नाही, तर ते तसंच व्हायला पाहिजे. स्क्रिप्ट वेगळी प्रोसेस आहे, तिने स्वतःची डिरेक्टरी बदलली, ती मेली, तिच्याबरोबर ते गेलं. हा गोंधळ युनिक्सइतकाच जुना आहे बरं का. युनिक्स बनवणाऱ्यांपैकी एक डेनिस रिची यांनी लिहून ठेवलंय की पीडीपी-७ वरच्या सुरुवातीच्या युनिक्समध्ये फोर्क (नवी चाइल्ड प्रोसेस बनवणं) आणल्यावर सीएचडीआयआर (आजचं सीडी) कमांड अचानक चालेनाशी झाली, त्यांनी कोड वाचून वाचून डोकं फोडलं, आणि मग कळलं की कमांड बरोबरच चालतेय, फक्त ती आपल्या चाइल्ड प्रोसेसची डिरेक्टरी बदलते आणि ती प्रोसेस लगेच संपते. तेव्हापासून ही कमांड शेलच्या पोटात आहे. साक्षात युनिक्सवाल्यांना जे चटकन दिसलं नाही ते आपल्याला नाही दिसलं तर वाईट वाटून घेऊ नका.

उपाय: स्क्रिप्ट सोर्स करा, म्हणजे ती चालू शेलमध्येच चालेल, किंवा ती चार ओळींचीच असेल तर शेल फंक्शन बनवा. कंसात लिहिलेल्या कमांड आणि बॅशमध्ये पाइपच्या पलीकडचा भाग यांनाही हेच लागू, ते सबशेलमध्ये, म्हणजे शेलच्या वेगळ्या प्रोसेसमध्ये, चालतात.

आता याच्या शेजारचा एक घोळ, जो शोधायला लोकांचा अख्खा दिवस जातो: सीडीपाथ. सीडीने फोल्डर कुठे कुठे शोधायचं याची यादी असलेलं हे व्हेरिएबल कुणीतरी प्रोफाइलमध्ये एक्स्पोर्ट करून ठेवलेलं असतं, मग स्क्रिप्टमधलं साधं सीडी एसआरसी इथल्या एसआरसीऐवजी सीडीपाथमधल्या दुसऱ्याच एसआरसीमध्ये जातं, वर तो पाथ स्क्रीनवर छापतं पण. स्क्रिप्टच्या सुरुवातीला सीडी करून पीडब्ल्यूडीचं आउटपुट व्हेरिएबलमध्ये पकडायची जी सगळ्यांची लाडकी ओळ आहे, तिच्यात मग एकाऐवजी दोन ओळी येतात आणि पुढचं सगळं कोसळतं. एको $सीडीपाथ करून बघा, काही आलं तर एक्स्पोर्ट काढा, आणि स्क्रिप्टमध्ये अनसेट सीडीपाथ टाकून मोकळे व्हा.

आणि सीडीच्या पुढे || एक्झिट १ लिहायचा आळस करू नका. सीडी फेल झालं तर स्क्रिप्ट थांबत नाही, होती त्याच जागी उभी राहून पुढची आरएमची ओळ इमानदारीत चालवते. व्हेरिएबल कोटमध्ये नसेल आणि रिकामं निघालं तर अजून मजा, सीडीला काहीच मिळत नाही म्हणून ते थेट होममध्ये जातं, एररही देत नाही, आणि पुढे आरएम -आरएफ * असेल तर होम साफ.

पाचवा चेक: हाताने चालतं, आपोआप चालत नाही

क्रॉनचं काम युजरच्या होममध्ये सुरू होतं, तुमच्या प्रोजेक्टमध्ये नाही. सिस्टिमडीची (लिनक्सवर सर्व्हिस सुरू करणारा प्रोग्रॅम) सिस्टिम सर्व्हिस वर्किंगडिरेक्टरी दिली नसेल तर रूटमध्ये म्हणजे / वर सुरू होते, युजर सर्व्हिस होममध्ये. डॉकरच्या इमेजमध्ये वर्कडीआयआर दिलेला नसेल तर तिथेही /. तुम्ही कॉन्फिग/सेटिंग्ज असा अर्धा पाथ लिहिलाय आणि टर्मिनलवर टेस्ट करताना योगायोगाने बरोबर फोल्डरमध्ये उभे होतात, एवढंच झालं.

खात्री करायची तर क्रॉनच्या ओळीतच आधी पीडब्ल्यूडी आणि आउटपुट पूर्ण पाथ देऊन एका फाइलमध्ये वळवा, एक मिनिट थांबा, फाइल वाचा. अंदाज करत बसण्यापेक्षा हे लवकर होतं. मग सिस्टिमडीच्या युनिट फाइलमध्ये वर्किंगडिरेक्टरी= लिहा, क्रॉनमध्ये सीडी पूर्ण पाथ && कमांड असं लिहा, किंवा स्क्रिप्टने सुरुवातीलाच स्वतःच्या फोल्डरमध्ये जावं, सीडी "$(डीआयआरनेम "$०")" || एक्झिट १. तुम्ही एसयूने युजर बदलत असाल तर तिथेही बघा, नुसतं एसयू तुम्हाला होता तिथेच ठेवतं, एसयू - होममध्ये नेतं, सुडो -आय पण होममध्ये नेतं.

टर्मिनलचा नवा टॅब होममध्ये उघडतो आणि चालू फोल्डरमध्ये नाही, ही तक्रारही याच घरातली. टॅब उघडणारा प्रोग्रॅम वेगळा, शेल वेगळं, शेलने आपला पाथ ओएससी ७ नावाच्या एस्केप कोडने कळवला तर बऱ्याच टर्मिनलना तो कळतो. प्रॉम्प्टची सेटिंग बदलताना तो कोड उडालेला असतो, आधी प्रॉम्प्ट मूळपदावर आणून बघा.

सहावा चेक: विंडोज

सीएमडीमध्ये नुसतं सीडी मारलं की करंट डिरेक्टरी छापली जाते, युनिक्ससारखं होममध्ये जात नाही. ड्राइव्ह बदलायचा तर सीडी /डी. /डी नाही दिला तर डी-ड्राइव्हची करंट डिरेक्टरी बदलते पण तुम्ही सी वरच राहता, कारण डॉसच्या काळापासून प्रत्येक ड्राइव्हची आपापली करंट डिरेक्टरी आहे आणि सीएमडी ती = ने सुरू होणाऱ्या लपलेल्या व्हेरिएबलमध्ये ठेवतं. नंतर डी: एंटर मारा, बरोबर तिथे पोचाल.

ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवलेला सीएमडी किंवा बॅच फाइल सिस्टिम३२ मध्ये सुरू होते. बॅच फाइलच्या सुरुवातीला सीडी /डी "%~डीपी०" टाका, म्हणजे ती स्वतःच्या फोल्डरमध्ये येईल. टास्क शेड्युलरमध्ये "स्टार्ट इन" नावाचा रकाना आहे, त्याच्यापुढे ऑप्शनल लिहिलंय म्हणून सगळे रिकामा सोडतात. तो भरा. नेटवर्कवरचा \\ ने सुरू होणारा पाथ सीएमडीला करंट डिरेक्टरी म्हणून चालत नाही, "यूएनसी पाथ्स आर नॉट सपोर्टेड" म्हणून तो विंडोज फोल्डरमध्ये जाऊन बसतो. तिथे पुशडी वापरा, ते तात्पुरतं ड्राइव्ह अक्षर जोडून देतं आणि पॉपडी केलं की काढतं.

पॉवरशेलचं दुखणं निराळं. तिथे गेट-लोकेशन जे सांगतं ते पॉवरशेलचं स्वतःचं ठिकाण, आणि विंडोजच्या लेखी त्या प्रोसेसची करंट डिरेक्टरी वेगळी असू शकते. एका प्रोसेसमध्ये अनेक रनस्पेस (पॉवरशेलची स्वतंत्र सत्रं) चालू शकतात म्हणून सेट-लोकेशन प्रोसेसच्या डिरेक्टरीला हात लावत नाही, आणि शिवाय पॉवरशेलमध्ये तुम्ही रजिस्ट्रीतही "उभे" राहू शकता, तिथे प्रोसेसची डिरेक्टरी काय म्हणून बदलणार. त्यामुळे गेट-कंटेंट ए.टीएक्सटी बरोबर चालतं, पण डॉटनेटची रीडऑलटेक्स्ट त्याच नावाने बोलावली की ती दुसऱ्याच फोल्डरमध्ये बघते. [एन्व्हायर्नमेंट]::करंटडिरेक्टरी छापून गेट-लोकेशनशी ताडून बघा, फरक डोळ्यांना दिसेल. डॉटनेटला नेहमी पूर्ण पाथ द्या, जॉइन-पाथ $पीएसस्क्रिप्टरूट वापरून.

फोल्डर डिलीट होत नसेल तर त्यात कुठली तरी प्रोसेस उभी आहे. लिनक्स उभ्या माणसाच्या पायाखालचं फोल्डर काढू देतं, विंडोज नाही देत. उघड्या सीएमडी खिडक्या आणि एडिटरमधली टर्मिनलं बंद करा, बहुतेक वेळा तेवढ्यात सुटतं.

सातवा चेक: आधीपासून चालू असलेली प्रोसेस

लिनक्सवर पीडब्ल्यूडीएक्स आणि पुढे पीआयडी (प्रोसेसचा नंबर), मॅकवर एलएसओएफ -ए -डी सीडब्ल्यूडी -पी पीआयडी. कुठलीही प्रोसेस कुठे उभी आहे ते कळतं. अनमाउंट होत नसेल तर एफयूझर -व्हीएम आणि माउंट पॉइंट, यादीत ज्याच्यापुढे सी दिसेल त्याची करंट डिरेक्टरी तिथे आहे. बऱ्याचदा तो तुमचाच दुसऱ्या खिडकीतला विसरलेला टर्मिनल असतो.

डिप्लॉयमेंटमध्ये करंट नावाची सिमलिंक नव्या रिलीजकडे वळवतात ना, तिथे हे हमखास. सिमलिंक बदलली पण सर्व्हिस सुरू होताना जी डिरेक्टरी पकडली ती जुन्या रिलीजचीच राहते, कारण सिमलिंक शिरतानाच सुटते. मग "नवा कोड टाकला तरी जुनंच दिसतंय" आणि काही दिवसांनी साफसफाई करणारी स्क्रिप्ट जुनं रिलीज उडवते तेव्हा मध्यरात्री सर्व्हिस पडते. पीडब्ल्यूडीएक्स बघा, जुना पाथ किंवा डिलीटेड दिसलं तर पूर्ण रिस्टार्ट हवा, रीलोड पुरेलच असं नाही.

कोड तुमचाच असेल तर अजून एक, करंट डिरेक्टरी अख्ख्या प्रोसेसची असते, थ्रेडची नाही. एका थ्रेडने सीएचडीआयआर केलं की बाकी सगळ्या थ्रेडचे अर्धे पाथ सरकतात. कधी होतं कधी होत नाही असा बग असेल तर कोडमध्ये सीएचडीआयआर शोधा आधी.

आठवा चेक: परवानगी

एररच्या शेवटी "परमिशन डिनाइड" असेल तर वेगळी गोष्ट. तुमच्या होममध्ये उभं राहून सुडो -यू ने दुसऱ्या युजरची कमांड चालवली आणि होमची परवानगी ७०० (फक्त मालकालाच प्रवेश) असेल, तर त्या युजरला तुमच्या फोल्डरमध्ये पाय ठेवायला जागा नाही. पोस्टग्रेस या डेटाबेससाठी अशी कमांड चालवली की "कुड नॉट चेंज डिरेक्टरी टू" अशी ओळ येते, ती नुसती वॉर्निंग आहे, काम होतं. फाइंड मात्र "फेल्ड टू रिस्टोअर इनिशियल वर्किंग डिरेक्टरी" म्हणून तक्रार करतं. दोन्हीवर उपाय एकच, आधी सीडी / किंवा सीडी /टीएमपी, मग कमांड. होमला ७७७ (सगळ्यांना सगळं खुलं) देणं हा उपाय नाही, कुणी सांगितलं तरी नाही.

मॅकवर "ऑपरेशन नॉट परमिटेड" आलं तर फाइलच्या परवानग्या बघण्यात वेळ घालवू नका. २०१९ च्या कॅटलिनापासून डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स या फोल्डरना वेगळं कुलूप आहे, सिस्टिमच्या सेटिंगमध्ये प्रायव्हसीत जाऊन टर्मिनल ॲपला त्या फोल्डरची किंवा फुल डिस्क ॲक्सेसची परवानगी द्या आणि ॲप बंद करून परत उघडा.

इथे थांबा आणि सिस्टिम ॲडमिनला बोलवा

"स्टेल फाइल हँडल" दिसलं, म्हणजे तुम्ही एनएफएसवर (नेटवर्कवरून जोडलेल्या डिस्कवर) आहात आणि सर्व्हरच्या बाजूला ती डिरेक्टरी गेली किंवा एक्स्पोर्ट बदलला. एकदा बाहेर जाऊन परत या, तेवढ्याने नाही गेलं तर तुमच्या मशीनवर करण्यासारखं काही नाही. एलएस किंवा डीएफ मारल्यावर टर्मिनल नुसतं लटकलं आणि कंट्रोल-सीलाही दाद देत नसेल तरी तेच, स्टोरेज सर्व्हर उत्तर देत नाहीये. जबरदस्तीने अनमाउंट करू नका, त्यावर दुसऱ्यांचं लिहिणं चालू असू शकतं.

पाथच्या सुरुवातीला कंसात "अनरीचेबल" आलं, तर तुमची करंट डिरेक्टरी तुमच्या रूटच्या बाहेर आहे, कुणीतरी लेझी अनमाउंट (वापर चालू असतानाच डिस्क यादीतून काढणं) केलंय किंवा कंटेनर, सीएचरूटचा (प्रोसेसला वेगळं रूट देण्याचा) मामला आहे. लिनक्स कर्नल हे २.६.३६ पासून सांगतो, आणि पाथ / ने सुरू होईलच असं धरून बसलेल्या जीलिबसी या लिनक्सच्या मूळ लायब्ररीमध्ये यावरूनच एक सिक्युरिटी होल निघालं, सीव्हीई-२०१८-१०००००१, जीलिबसी २.२७ पासून अशा वेळी सरळ एरर मिळतो. स्वतःच्या लॅपटॉपवर असेल तर रीबूट करा. सर्व्हरवर असेल तर हात लावू नका.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, फोल्डर खरंच चुकून डिलीट झालं असेल आणि एखादी प्रोसेस अजून त्यातल्या फाइल उघड्या धरून असेल, तर ती प्रोसेस मारू नका, मशीन रीस्टार्ट करू नका. उघड्या असलेल्या फाइल /प्रोक/पीआयडी/एफडी मधून कॉपी करून परत मिळू शकतात, प्रोसेस संपली की तो दरवाजा बंद. हे काम आधी केलेलं नसेल तर जाणकाराला करू द्या.

बोलावताना या गोष्टी कॉपी करून पाठवा: पूर्ण एरर जशीच्या तशी, पीडब्ल्यूडी आणि /बिन/पीडब्ल्यूडी दोन्हीचं आउटपुट, रीडलिंक /प्रोक/सेल्फ/सीडब्ल्यूडीचं आउटपुट, आणि लटकत नसेल तर डीएफ -मोठा टी . चं, म्हणजे ती नेटवर्क डिस्क आहे का ते त्याला लगेच कळेल. स्क्रीनचा मोबाइलने काढलेला फोटो पाठवू नका, पाथ त्यातून परत टाइप करावा लागतो.